उताराची विद्या

सह्याद्रीच्या घाटांविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी चढणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले आहे. कोणती फौज कोणत्या खिंडीतून वर आली, जकातीची चौकी कोठे होती, कोणत्या गडाचा पहारा कोणत्या वाटेवर होता, ह्याची माहिती बखरींत आणि दफ्तरांत विपुल सापडते. परंतु वर चढलेला भार पुन्हा खाली कसा उतरवीत, आणि उतरताना तो गाडीवानाच्या व बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून काय तजवीज करीत, ह्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. चढाला बळ लागते आणि बळ भाड्याने मिळते. घाटाच्या पायथ्याशी जादा बैलांची जोडी जुंपून घेण्याची वहिवाट त्यातूनच पडली. उताराला मात्र आवर लागतो, आणि तो ज्याचा त्याने शिकावा लागतो.

आज सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील मोटारमालकांची एक तक्रार गॅरेजांतून वारंवार ऐकू येते : पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, ज्यांना आपले मिस्त्री सरसकट लायनर म्हणतात, ते अपेक्षेच्या निम्म्या अंतरातच संपतात. साधारणपणे तीस ते पन्नास हजार किलोमीटर चालावी अशी ही वस्तू पंधरा हजारांत पत्र्याला लागली की मालक कंपनीला दोष देतो, मिस्त्री मालकाच्या पायाला दोष देतो, आणि नवे पॅड बसवून उभयपक्षी वाद मिटतो. तो खरोखर मिटत नाही, काही महिन्यांनी पुन्हा उभा राहतो. ह्या तक्रारीची पूर्वपीठिका मोटारीहून बरीच जुनी असून ती पाहिल्यावाचून तिचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्या घाटांत चाक जवळजवळ नव्हतेच. देशावरचा माल कोकणात जाई आणि कोकणातले मीठ वर येई ते लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून. कुंभार्लीची वाट, आंबेनळीच्या परिसरातील वाटा, महाबळेश्वराखालचा रडतोंडीचा घाट हे सर्व माणसांच्या आणि जनावरांच्या पायांचे मार्ग होते. पुण्याहून साताऱ्यास येणारी पेशवाईतील स्वारीदेखील नीरा ओलांडून लोणंदवरून साल्प्याच्या घाटाने येत असे. पाठीवर ओझे घेतलेले जनावर उतारावर स्वतःच स्वतःला आवरते; त्याचा खूर हाच त्याचा ब्रेक. म्हणून ह्या काळाने उताराची विद्या निराळी अशी निर्माण केली नाही, आणि तिची गरजही त्याला भासली नाही.

गरज निर्माण केली ती गाडीरस्त्याने. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला केला आणि चाकाची गाडी प्रथमच सुखरूपपणे सह्याद्री उतरू लागली. त्याच माल्कमने त्यापूर्वी दोन वर्षे महाबळेश्वरी ठाणे वसविले होते. आणि १८२९ च्या तहनाम्यान्वये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वर कंपनी सरकारच्या स्वाधीन करून त्याच्या मोबदल्यात वाई प्रांतातील खंडाळा हे गाव घेतले. हेच खंडाळा आजच्या खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी आहे. एक घाटमाथा देऊन दुसऱ्या घाटाचा पायथा घेण्याच्या ह्या व्यवहारात राज्यकारभाराखेरीज दुसरा हेतू कोणाच्या मनात नसणार. परंतु आज ज्या रस्त्यांवर गाड्यांचे ब्रेक तापतात, त्यांतील दोन प्रमुख रस्ते ह्या एकाच करारात एकत्र आलेले पाहून गंमत वाटल्याशिवाय राहात नाही. महाराजांना रस्त्यांची हौस होती. साताऱ्याहून महाबळेश्वरपर्यंतचा मार्ग त्यांनी स्वखर्चाने करविला. पुढे १८३९ साली त्यांना पदच्युत करण्यात आले आणि १८४८ साली राज्यच खालसा झाले, तेव्हा इंग्रजांच्या हाती जो मुलूख आला त्यात रस्त्यांची बैठक अगोदरच घातलेली होती. पुणे–कोल्हापूर हमरस्ता खंबाटकीतून गेला, वाई–पाचगणीचा मार्ग पसरणीच्या घाटातून चढला, कऱ्हाड–चिपळूणची गाडीवाट कुंभार्लीतून उतरली, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या सर्व घाटांतून बैलगाड्यांची रहदारी सुरू झाली.

भरलेली बैलगाडी उतारावर आली की तिचा सगळा स्वभाव पालटतो. सपाटीवर बैल गाडी ओढतात, उतारावर गाडी बैलांना ढकलते. जू मानेवरून पुढे सरकते, सापत्या ताणल्या जातात, आणि बैल मागे रेटीत पाय घसरवीत चालतात. ह्यावर गाडीवानांनी जे उपाय काढले ते अत्यंत साधे होते. चाकाच्या लोखंडी धावेवर घासेल असे एक आडवे लाकूड गाडीच्या मागील बाजूस बांधीत आणि त्याचा दोर गाडीवान हाताने ताणी. उतार फारच तीव्र असला तर एक चाक आऱ्यांतून दांडके घालून अडकवून टाकीत व गाडी घसरत नेत. क्वचित झाडाचा मोठा फांदा मागे बांधून फरफटत आणीत. थांबायचे झाले की चाकाखाली दगडाची उटी. घसरत्या चाकाने धाव एका जागी झिजून चपटी होई आणि रस्ताही खरवडला जाई, म्हणून जाणता गाडीवान चाक अडकवण्यापेक्षा लाकूड घासणेच पसंत करी. तेही तो अखंड दाबून धरीत नसे. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. कारण सतत दाबलेले लाकूड धुरावते, मऊ पडते आणि ऐन वळणावर निकामी होते हे त्याने नाकाने ओळखलेले असे. उताराच्या विद्येचा हा पहिला सिद्धान्त होय, आणि पुढील सर्व यांत्रिक प्रगतीत तो तसूभरही बदललेला नाही.

ह्याच सुमारास युरोपात जे घडत होते ते ह्या लाकडाशी फार जवळचे नाते सांगणारे आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेन्झची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. लांबच्या पल्ल्याचा तो पहिला मोटारप्रवास. वाटेतील उतारांवर लाकडी ब्रेक झिजून निकामी होऊ लागले, तेव्हा तिने एका गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला झिजण्यासाठीच एक निराळे अस्तर द्यावे, म्हणजे मूळ अवयव वाचतो आणि अस्तर बदलता येते, ही कल्पना मोटारीच्या बाबतीत त्या दिवशी रस्त्यावर जन्माला आली असे मानतात. तिच्यानंतर नऊच वर्षांनी, १८९७ साली, इंग्लंडातील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिले की घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुना बूट लावून गाडी आवरतात. त्यातून त्याने घर्षणाच्या अस्तराचा धंदाच उभारला. १९०८ च्या सुमारास त्यात अॅस्बेस्टॉस आले, आणि ‘फेरोडो’ हे नाव जगभर पसरले. आपल्याकडे मुंबईच्या घाटकोपरास हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना निघाला तो त्याच शाखेचा. डर्बीशरचा गाडीवान आणि पसरणीचा गाडीवान ह्यांची गाठ कधी पडली नाही. पण दोघांनी एकाच प्रश्नाला एकाच जातीचे उत्तर काढले होते, आणि एकाच्या उत्तराला त्याच्या देशातील कारखानदारीने पेटंटाचे स्वरूप दिले, तर दुसऱ्याचे उत्तर दोराला बांधलेलेच राहिले.

प्रारंभीच्या मोटारींचे ब्रेक आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटतील इतके तोकडे होते. हिंदुस्थानात मोठ्या संख्येने आलेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलमध्ये पायाचा ब्रेक चाकांना लागत नसून गिअरपेटीतील पट्ट्याला लागे, आणि डोंगराळ मुलुखात तो पट्टा इतका लवकर झिजे की अनुभवी ड्रायव्हर उतारावर आलटून पालटून उलट्या गिअरचे पेडल दाबीत, म्हणजे झीज दोन पट्ट्यांत वाटली जाई. फोर्डने द्रवदाबाचे ब्रेक स्वीकारले ते १९३९ साली. त्याआधी सळया आणि तारा ह्यांनी ओढले जाणारे ब्रेक असत. त्यांतील एक तार किंचित आखूड झाली तर एक चाक अधिक धरी, गाडी एका बाजूस ओढे, आणि त्या चाकाचे लायनर इतरांआधी संपे. अकाली झिजेचे निदान म्हणजे कोणते चाक अधिक धरते हे शोधणे, ही दृष्टी त्याच काळातील मिस्त्र्यांनी आपल्याला दिली.

दोन महायुद्धांमधल्या काळात खाजगी सर्व्हिस मोटारी घाट चढू लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई आली तेव्हा पाठीमागे कोळशाची भट्टी जोडलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या. अशा गाडीला चढ सुधरत नसे, उतारू खाली उतरून ढकलीत. परंतु मागच्या भट्टीचे जादा ओझे उतारावर लायनरच्या माथी बसे, ही दुसरी बाजू त्या ढकलण्यावर त्यावेळी झालेल्या विनोदांत आलेली नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बेडफर्ड बस धावली, आणि पुढील काही वर्षांत एस. टी. ने ह्या दोन जिल्ह्यांचे घाटही आपल्या वेळापत्रकात घेतले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाल्यावर कुंभार्लीच्या रस्त्याला यंत्रसामग्रीने लादलेल्या मालमोटारींची सवय झाली. ह्या दोन घटनांनी घाटातील ड्रायव्हिंगला एक शिस्त लावली. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा नियम कोणा पुस्तकातून आलेला नसून त्या पिढीच्या ड्रायव्हरांनी क्लीनरांना तोंडी शिकविलेला आहे. इंजिनाचा अवरोध हाच मुख्य ब्रेक आणि पायाचा ब्रेक हा दुय्यम, असा त्याचा अर्थ.

ह्या विद्येला हातांची जोड मिळाली ती आपल्याच परिसरातील कारखान्यांतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर ह्यांनी १९२२ साली सातारा रोडला आपला कारखाना काढला आणि पुढील दशकात तेथे डिझेल इंजिने बनविली. दोन्ही ठिकाणी बिडाचे ओतकाम चाले, लेथ चालत, आणि बीड कसे तापते, कसे तडकते, कसे कातले जाते हे हाताने जाणणारी माणसे तेथे तयार होत. ब्रेकचा ड्रम आणि आजची डिस्क ही दोन्ही बिडाचीच. जुने लायनर ब्रेकशूवरून रिव्हेट पाडून काढायचे, नवे बसवून रिव्हेट ठोकायचे, खरवडलेला ड्रम लेथवर कातून घ्यायचा, हे काम मालमोटारींच्या गॅरेजांतून आजही चालते. त्या कामात एक मोठा गुण होता : लायनर बदलण्यासाठी सर्व जोडणी हातात घ्यावीच लागे, त्यामुळे लायनर का झिजले हे मिस्त्रीच्या डोळ्यांपुढून जाई.

डिस्क ब्रेक आला आणि हा गुण हरवला. १९५३ साली ल मान्सच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर विजय मिळविल्यानंतर, आणि १९५५ साली सित्रोएनने तो आपल्या नित्य विक्रीच्या मोटारीत घातल्यानंतर, त्याचे श्रेष्ठत्व सिद्धच झाले. आपल्याकडे अॅम्बॅसडर आणि फियाट ह्यांच्या पिढीने ड्रमवर दिवस काढले, मारुतीच्या पिढीत पुढच्या चाकांना डिस्क रूढ झाली. उघड्यावर फिरणारी डिस्क लवकर थंड होते, भिजली तरी लवकर वाळते. पण तिचे पॅड बदलणे इतके सोपे असते, की चाक काढून दोन बोल्ट सैल करून अर्ध्या तासात काम उरकता येते. जे सहज बदलता येते त्याचे कारण कोणी विचारीत नाही.

घाटात पॅडवर काय प्रसंग येतो ह्याचा थोडा हिशेब मांडून पाहू. पाचगणी आणि वाई ह्यांच्या उंचीत सुमारे पावणेसहाशे मीटरांचा फरक आहे. प्रवाशांसह सव्वा टन वजनाची मोटार एवढी खाली आली म्हणजे तिच्या ठिकाणची जी ऊर्जा मोकळी होते, ती वीस-बावीस लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. ही ऊर्जा कोठे तरी जाणे भाग आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा हिस्सा इंजिनात आणि हवेत जातो. गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली असेल तर जवळजवळ सगळी चार चाकांच्या ब्रेकांत, आणि त्यातही बहुतांश पुढच्या दोहोंत. इंधन वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे अनेक आहेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्या समजुतीला काही आधार तरी होता. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंधनाचा पुरवठा यंत्र आपण होऊन बंद करते, त्यामुळे न्यूट्रलमध्ये वाचण्यासारखे काही उरत नाही. न वाचलेले पेट्रोल आणि जळालेले पॅड, असा हा व्यवहार. रविवारी संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटातून कासच्या पठारावर फिरायला गेलेली मंडळी साताऱ्याकडे परतत असतात, तेव्हा वळणावळणावर येणारा जळका वास ह्या व्यवहाराचा असतो.

तथापि सर्व दोष पायावर ढकलणारा मिस्त्रीही अर्धेच सांगतो. ब्रेक गाडी थांबवल्याने झिजतात, तसेच सोडल्यावर न सुटल्यानेही झिजतात. काढलेले जुने पॅड हा ह्या बाबतीतला अस्सल दस्तऐवज होय आणि तो वाचण्याची कला अवघड नाही. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे चारही पॅड सारखेच झिजलेले असतील तर घाट आणि पाय ह्यांच्याकडे बोट दाखवावे. एकाच चाकाचे आतले, म्हणजे पिस्टनकडचे, पॅड पत्र्याला लागले आणि बाहेरचे निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर बहुधा पॅड धरून ठेवणारा कॅलिपर ज्या दोन गाइड पिनांवर सरकतो त्या गंजून धरल्या आहेत. पिस्टन आतले पॅड दाबतो, कॅलिपर सरकून बाहेरचे ओढून आणू शकत नाही, आणि सगळे काम एकट्या आतल्यावर पडते. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असे तिरपे झिजले असेल तर दोहोंपैकी एकच पिन अडकली आहे, किंवा पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती गंजाने भरली आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे शाबूत असले, तर पिस्टन परत जात नाही किंवा रबरी नळी आतून फुगून तेल परत सोडीत नाही, असे समजावे. ह्या शेवटच्या दोहोंतील निवाडा करण्याची जुन्या मिस्त्र्यांची रीत मोठी सुरेख आहे. चाक जॅकवर उचलायचे, ब्रेक दाबून सोडायचा, आणि चाक हाताने फिरवून पाहायचे. ते जड फिरत असेल तर कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करायचा. थेंबभर तेल उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकला आहे, म्हणजे दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरकडे. तेल उडूनही चाक जडच राहिले, तर दोष कॅलिपरच्या लोखंडात. एवढ्या साध्या परीक्षेला उपकरण लागत नाही, लागतो तो धीर. हिच्याही आधी, सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता काही किलोमीटर गाडी चालवून, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा; जे चाक इतरांहून तापलेले असेल तेथे शोध घ्यावा. डिस्कला मात्र हात लावू नये.

ह्या दोन जिल्ह्यांचे हवामानही ह्या दोषांना अनुकूल आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटाव तालुके पाचशे मिलिमीटरांच्या आसपास तहानलेले असतात. पश्चिमेकडच्या गाडीच्या पिना गंजतात, पूर्वेकडच्या गाडीच्या पॅडमध्ये मुरूम आणि धूळ जाऊन डिस्क खरवडते. आणि पाचगणीत राहून फलटण, आटपाडीकडे फिरणारी गाडी दोन्ही भोगते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट तीन प्रतीचे कोरे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा भिनल्यावर ते १४० अंशांनाही उकळू शकते. आणि घाटात तापलेल्या कॅलिपरला ते अंतर मोठे नाही. तेल उकळले की त्यात वाफ होते, पेडल स्पंजासारखे खाली जाते, आणि मग जो प्रसंग ओढवतो तो झिजेच्या हिशेबाबाहेरचा असतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलण्याचा नियम पावसाळी प्रदेशात चुकवू नये. (द्रवदाबाच्या प्रारंभकाळी ब्रेकचे तेल एरंडेल आणि अल्कोहोल ह्यांच्या मिश्रणाचे असे. ज्या एरंडेलाचे वंगण आपले गाडीवान आसाला घालीत, तेच पुढे ब्रेकच्या नळीत शिरले.)

सांगलीकडे येताच घाट संपतात, तक्रार संपत नाही. तेथे तिचे कारण नदी आणि ऊस आहे. गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रस्ता व्यापून टाकतात, त्यांच्या मागे मोटारीला अडखळत चालावे लागते. शेतातून रस्त्यावर आलेली काळी माती चाकांतून उडून कॅलिपरवर बसते आणि वाळून घट्ट होते. आणि कृष्णा. सांगलीच्या, १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फुटांवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तिन्ही पुरांनंतर बुडालेल्या मोटारी धुऊन, इंजिन सुधारून पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यांच्या गाद्या बदलल्या गेल्या, वायरिंग पाहिले गेले. परंतु गाळाचे पाणी पिस्टनच्या रबरी टोपणाआड आणि पिनांच्या भोकांत शिरलेले असते तिकडे किती जणांनी पाहिले? अशा गाडीत दोष ताबडतोब दिसत नाही. वर्ष-सहा महिन्यांनी गंज फुलतो, पिस्टन चिकटू लागतो, आणि पॅड झपाट्याने संपतात तेव्हा पुराची आठवणही कोणाला राहिलेली नसते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने सांगलीच्या बाजारात हे विसरू नये.

दुरुस्ती दोषाइतकीच सरळ आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. पिन काढून, गंज पूर्ण घासून, भोके साफ करून त्यांना सिलिकोनचे, उष्णतेला टिकणारे ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावण्याची गॅरेजांतील सवय घातक आहे. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि मोकळी केलेली पिन महिन्याभरात पुन्हा धरते. पॅडच्या कानांच्या खाचा कानशीने साफ कराव्यात. पिस्टनचे रबरी टोपण फाटले असेल तर नुसते पॅड घालून काम बंद करू नये, सीलांचा संच बदलावा. पिस्टनवरच गंजाचे खड्डे पडले असतील तर पिस्टन बदलावा. फुगलेली नळी बदलताना दुसऱ्या बाजूचीही बदलावी, कारण दोघींचे वय सारखेच असते. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, डिस्कला खोल चरे पडले असतील तर तिची जाडी मोजून मगच ती कातावी किंवा टाकावी. पॅडचे अस्तर तीन मिलिमीटरांवर आले की बदलण्याची वेळ झाली असे समजावे. मागच्या चाकांकडे ड्रम असतील तर हँडब्रेकची तार सुटते की नाही हे जरूर पाहावे. महाबळेश्वरच्या पावसात आठ-आठ दिवस हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतात. तेथे सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला जुन्या पद्धतीची उटी लावणे हेच शहाणपणाचे. फक्त निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला टाकावा. घाटात मागे सोडलेल्या उट्यांनी किती दुचाकीस्वार पाडले आहेत हे घाटातील गावकऱ्यांना विचारावे.

उतारावरचा धोका नाहीसा करण्याचा दुसरा उपाय म्हणजे उतारच नाहीसा करणे, आणि सरकारने तो खंबाटकीत योजिला आहे. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने जुन्या बोगद्यातून बाहेर पडून खंडाळ्याकडे उतरतात, तेथील इंग्रजी एस अक्षरासारखे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. एप्रिल २०१८ मध्ये तेथे मजुरांनी भरलेला टेंपो उलटून अठरा जण दगावले. नव्या जोडबोगद्याच्या योजनेमागे हे वळण टाळण्याचा हेतू आहे. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली आणि यवतेश्वर मात्र आहेत तसेच राहणार, आणि त्यांवर रहदारी वाढतच जाणार.

म्हणून ह्या मुलुखातील मोटारमालकांस एकच विनंती. ह्यापुढे पॅड बदलाल तेव्हा काढलेले जुने चारही पॅड मिस्त्रीकडून मागून घ्या, कोणते आतले, कोणते बाहेरचे, कोणते डाव्या चाकाचे ह्याची खडूने खूण करवून घ्या, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज बिलाचे पैसे देऊ नका.